माहेर पारतंत्र्यात, सासर स्वातंत्र्यात

कोकणातल्या मे महिन्याची गोडी ज्याने एकदा चाखली, त्याला मुंबईतला मे महिना शिक्षेसारखा वाटला तर नवल नाही. माझे माहेर देवगड तालुक्यातल्या मिठबावचे. उत्तरेला कुणकेश्वर, दक्षिणेला आचरे, आणि मधल्या किनाऱ्यावर माडांच्या सावलीत वसलेले हे गाव. कॉलेजच्या परीक्षा आटोपल्या, तपासलेल्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे हातावेगळे झाले, की मुलांना घेऊन मी गावी जाते आणि मृगाची चाहूल लागेपर्यंत परतीचे नाव काढीत नाही.

२०२४ साली मात्र मला मध्येच मुंबई गाठावी लागली. त्याला कारण झाली माझी आजी. माझ्या वडिलांची आई. तिला तेव्हा एकोणनव्वदावे वर्ष चालू होते.

त्या वर्षी लोकसभेची निवडणूक होती. आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघाचे मतदान ७ मे रोजी होते. पंचाऐंशी वर्षांवरच्या मतदारांना घरी बसून मत देण्याची सोय निवडणूक आयोगाने केली होती. वडिलांनी मोठ्या कौतुकाने त्याचा अर्ज आजीपुढे ठेवला. आजीने चष्मा लावून तो नीट पाहिला आणि परत दिला.

"घराक बसान मत? तां काय हळदीकुकू आसा?" ती म्हणाली. "मी चलान जातलंय. लोकांनी बघूक व्हया."

सात तारखेला सकाळी आजी नहाणे, देवपूजा आटोपून तयार झाली. लग्नकार्याला नेसायचे लुगडे तिने पेटीतून काढले होते. एका हातात काठी, दुसरा हात माझ्या खांद्यावर, अशी पाखाडीच्या पायऱ्या एक-एक उतरत ती शाळेत पोहोचली. रांगेतल्या लोकांनी तिला पुढे जायला सांगितले. तेही तिने ऐकले नाही. "माझो लंबर येवंदे," म्हणून भिंतीला टेकून उभी राहिली. परत आल्यावर बोटाची शाई तिने नातवंडांना, पतवंडांना, शेजारच्या वाड्यातल्या बायकांना दाखवली. मग माझ्याकडे वळून सहज विचारले, "तुझां मत कधी गो, बाय?"

"वीस तारखेक. पण माझां मुंबयत."

"मगे जातलंस कधी?"

मी हसले. मुलांची सुटी, उन्हाचा कडाका, गाड्यांचे आरक्षण, एका मताने काय होणार आहे, अशी कारणे मी तिला सांगितली. खरे म्हणजे तीच कारणे त्या सुमारास आमच्या ओळखीच्या अनेक घरांतून ऐकू येत होती. वीस तारखेला सोमवार होता, त्यामुळे शनिवार-रविवार जोडून कोठे जायचे याचेही बेत शिजत होते. आम्ही सारी शिकली-सवरलेली माणसे! १५ ऑगस्टला ध्वजाला वंदन करताना आमचा ऊर भरून येतो, क्रिकेटचा सामना जिंकला की डोळे ओलावतात. देशाचा अभिमान आम्हांला नाही, असे कोण म्हणेल?

आजी काही बोलली नाही. दुपारी निजून उठल्यावर तिने मला माजघरात हाक मारली आणि ट्रंक उघडायला सांगितली. तळाशी, वहाणांच्या जुन्या खोक्यात, एका फडक्यात बांधलेली तिच्या लग्नाची पत्रिका होती.

पत्रिका मी पूर्वीही पाहिली होती, पण लहानपणी. तेव्हा तिच्यावरचा गणपती आणि कोपऱ्यातले कुंकवाचे बोट तेवढे लक्षात राहिले होते. या वेळी आजीने माझे बोट धरून खालच्या बाजूला ठेवले. तेथे जांभळ्या शाईचा एक गोल, विटलेला शिक्का होता. अक्षरे आता लागत नव्हती.

"ह्यो काय?" मी विचारले.

"परवानगी," आजी म्हणाली.

लग्नाला सरकारची संमती

आजीचे माहेर पेडण्याचे. आज पेडणे म्हणजे गोव्याचा उत्तरेकडचा तालुका. मिठबावहून सकाळी निघालेला मनुष्य दुपारच्या जेवणाला तेथे पोहोचतो. वाटेत सीमा कोठे लागली हे पाटी वाचली नाही तर कळतही नाही. परंतु आजीचे लग्न झाले ते १९५४ च्या वैशाखात. त्या वेळी तेरेखोलच्या खाडीच्या अलीकडचे सावंतवाडी स्वतंत्र भारतात होते, आणि पलीकडचे पेडणे पोर्तुगालच्या ताब्यात. एकच भाषा, एकच देवदेवस्की, एकमेकांत दिलेल्या-घेतलेल्या मुली. पेडणे तर अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सावंतवाडीकरांच्याच अमलाखाली होते. पण १९४७ च्या ऑगस्टनंतर खाडीच्या एका काठावरचा माणूस नागरिक झाला आणि दुसऱ्या काठावरचा प्रजाच राहिला.

गोव्यात तेव्हा कोणतीही गोष्ट छापायची तर ती सरकारला आधी दाखवावी लागे. वर्तमानपत्रे तर सोडाच, लग्नाच्या निमंत्रणपत्रिकादेखील तपासून घ्याव्या लागत. सभा भरवायला परवानगी, संस्था काढायला परवानगी. डॉ. राममनोहर लोहिया यांनी १८ जून १९४६ रोजी मडगावात सभा घेऊन ही बंदी मोडण्याचे ठरवले तेव्हा त्यांना आणि डॉ. जुलियांव मिनेझिस यांना पकडण्यात आले. गोव्याचा मुक्तिलढा पेटला तो या ठिणगीने. पुढारी जमीन मागत नव्हते, सत्ता मागत नव्हते. चार माणसांपुढे उभे राहून बोलू द्या, एवढीच त्यांची मागणी होती.

आजीचे वडील काही पुढारी नव्हते. भातशेती आणि थोडी बागायत सांभाळून असणारे ते साधे गृहस्थ. मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेचा मजकूर घेऊन ते कचेरीत गेले. आजी सांगते की तेथल्या कारकुनाने सगळा मजकूर दोनदा वाचला आणि 'सहकुटुंब सहपरिवार' या शब्दांवर पेन्सिल टेकवली. परिवार म्हणजे कोण? किती माणसे? ती जमून काय करणार? पणजोबांनी हात जोडून सांगितले, "जेवतील आणि जातील." त्यावर नवऱ्या मुलाचा पत्ता आला. रत्नागिरी जिल्हा! म्हणजे भारतातला! नवरा मुलगा करतो काय? शाळामास्तर! झाले, कारकुनाच्या कपाळावर आणखी एक आठी. तीन खेपा झाल्यावर हा जांभळा शिक्का मिळाला.

आज ही हकीकत ऐकताना आपल्याला हसू येते. आजीही हसतच सांगत होती. पण तिचे वडील त्या तिसऱ्या खेपेहून परत आले तेव्हा हसत नव्हते. ओटीवर बसून ते एवढेच म्हणाले की, माझ्या मुलीचे लग्न, माझ्या दारात, माझ्या पैशाने. आणि मी चोरासारखा उभा होतो. हे शब्द आजीने सत्तर वर्षे जपून ठेवले आहेत.

त्याच वर्षीची एक गोष्ट इतिहासात नमूद आहे. फेब्रुवारी १९५४ मध्ये म्हापशाला एक मेजवानी होती. भाषणाच्या ओघात कोणी तरी गोवा हा पोर्तुगालचाच भाग असल्याचे सांगितले. जेवायला बसलेल्यांपैकी डॉ. पुंडलिक गायतोंडे या शल्यविशारदांनी त्यावर एकच शब्द उच्चारला : निषेध! त्या एका शब्दापायी त्यांना अटक झाली आणि त्यांची रवानगी पोर्तुगालला करण्यात आली. वाचकहो, आपण जेवणाच्या टेबलाभोवती बसून सरकारला दररोज किती शब्द ऐकवतो, त्याचा जरा हिशेब करून पाहा!

मिठाची गोष्ट

मिठबाव या नावातच मीठ आहे. आमच्या किनाऱ्यावर मिठमुंबरी नावाचेही गाव आहे. त्यामुळे मिठाची एक गोष्ट आमच्याकडच्या मुलांना लवकर कळते. गांधीजींनी ६ एप्रिल १९३० रोजी दांडीला मूठभर मीठ उचलले. त्याच वर्षी मे महिन्यात वेंगुर्ले तालुक्यातल्या शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतून सत्याग्रही तेथे आले, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले. कोकणचे गांधी म्हणून ज्यांना लोक ओळखत, ते अप्पासाहेब पटवर्धन त्यांत होते.

समुद्राचे पाणी उन्हात वाळले की मीठ होते. त्यात सरकारचे काय? पण १८८२ च्या कायद्याने ते सरकारचे झाले होते. समुद्र तुमच्या दारात, ऊन तुमच्या अंगणात, आणि मीठ उचलायचे तर परवाना! शिरोड्याचे मीठ आणि पेडण्याची लग्नपत्रिका यांत मला म्हणूनच फार अंतर वाटत नाही. परकी सत्ता नेहमीच तोंड दाबून बुक्क्यांचा मार देते असे नाही. पुष्कळदा ती 'नाही' असेही म्हणत नाही. 'आधी विचार' एवढेच म्हणते. रोज विचारायची सवय लागली की मनुष्याची मान आपोआप खाली जाते. गुलामगिरीची सुरुवात होते ती तेथे.

बंद झालेली वाट

लग्न होऊन आजी मिठबावला आली. वऱ्हाड परतताना आरोंद्याच्या बाजूला होडीने खाडी ओलांडावी लागली. त्याआधी जकातीच्या नाक्यावर नवरीची ट्रंक उघडून पाहिली गेली, आणि रुखवतातल्या करंज्यांची टोपलीसुद्धा उसकटली गेली. "मी डोळे मिटून घेतलंय," आजी म्हणाली. नवी नवरी, अठराएकोणीस वर्षांची पोर. तिच्या लुगड्यांच्या घड्या परक्या शिपायाने उलगडाव्यात!

लग्नानंतरची पहिली दिवाळी म्हणजे दिवाळसण. जावयाला आमंत्रण, अभ्यंगस्नान, नवी वस्त्रे. पेडण्याला तयारी झाली होती. परंतु १९५४ च्या पावसाळ्यापासून हवा तापत गेली. १५ ऑगस्ट १९५४ ला गोमंतकीय सत्याग्रहींच्या एका तुकडीने तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा फडकवला. पोर्तुगीजांनी बंदोबस्त वाढवला. ये-जा करणाऱ्याकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. मास्तर म्हणून नोकरी करणाऱ्या आजोबांना सीमेपलीकडे पाठवायला घरच्यांचे मन धजेना. दिवाळसण पुढच्या वर्षावर गेला.

पुढचे वर्ष १९५५ चे. त्या वर्षी १५ ऑगस्टला देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेले सत्याग्रही हातात झेंडा घेऊन, शस्त्राशिवाय गोव्याच्या हद्दीत शिरले. पोर्तुगीज पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसे त्या एका दिवसात पडली. बांद्याजवळच्या पत्रादेवीला पडलेला कर्नेलसिंग हा पंजाबातल्या लुधियाना जिल्ह्याचा तरुण. त्याचे पेडण्यात नातेगोते नव्हते, त्याला कोकणीचा एक शब्द येत नसेल. आजीच्या माहेरची वाट मोकळी व्हावी म्हणून तो जिवानिशी गेला. पत्रादेवीवरून गोव्यात सहलीला जाणाऱ्या मोटारी आज वेगाने निघून जातात. तेथे हुतात्म्यांचे स्मारक आहे. दोन मिनिटे थांबायला हरकत नाही.

या गोळीबारानंतर सीमा जवळजवळ बंदच झाली. आपल्या सरकारनेही गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, आगगाडी थांबली. हे सांगायला हवे, कारण वाट दोन्हीकडून बंद झाली होती. राजकारणाच्या दृष्टीने ते योग्यच असेल. पण त्याची झळ ज्या हजारो घरांना लागली, त्यांतले एक आमचे होते. मिठबावहून पेडणे काही कोस. पण आजीला ते लिस्बनइतके दूर झाले.

आजीचे वडील १९५८ साली वारले. बातमी मिठबावला पोहोचली ती त्यांचे बारावे-तेरावे उलटून गेल्यावर, कोणा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडून. आजीने मागच्या विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेतले आणि त्या दिवशी चूल पेटवली नाही. एवढेच करणे तिच्या हाती होते.

गंमत अशी की त्याआधीच्याच वर्षी, १९५७ च्या निवडणुकीत, आजीने आपले पहिले मत दिले होते. यादीत नाव घालायला माणूस आला तेव्हा त्याने तिला नाव विचारले. लग्नात तिचे नाव बदललेले. कोणते सांगावे या विचाराने ती गोंधळली. पण नाव सांगितल्याशिवाय चालणार नव्हते. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तरेकडच्या प्रांतांतल्या सुमारे २८ लाख स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगायचे नाकारले. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच त्या सांगत. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ती नावे यादीत घेतली नाहीत. स्त्रीला मत हवे असेल तर तिला स्वतःचे नावही हवे, असा त्याचा अर्थ. आजीने आपले नाव सांगितले आणि मत दिले. पेडण्यात तिच्या वडिलांना, त्यांच्या उभ्या आयुष्यात, कोणीही मत विचारले नाही.

नाक्यावर कोणी नव्हते

या काळात माणसे स्वस्थ बसली नव्हती. नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या दोघांनी आंबोलीच्या जंगलातून एक गुप्त नभोवाणी केंद्र सुरू केले. पुढे ते कॅसल रॉकच्या बाजूला हलवले. पावसात, जळवांत, हिंस्र श्वापदांच्या शेजारी राहून ही दोघे रोज कोकणी आणि पोर्तुगीज भाषांतून गोव्याला खऱ्या बातम्या सांगत. हा क्रम सहा वर्षे चालला. पुढे दोघे विवाहबद्ध झाली. लिबियाबाईंना २०२५ साली पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांनी वयाची शंभरी ओलांडली होती.

शेवटी १८ डिसेंबर १९६१ ला भारतीय सैन्य गोव्यात शिरले आणि १९ तारखेला पोर्तुगीज गव्हर्नर जनरलने शरणागती पत्करली. १५१० साली आलेली सत्ता ४५१ वर्षांनी गेली. मिठबावला ही बातमी कळली तेव्हा आजी भात कांडत होती. तिने मुसळ बाजूला ठेवले आणि विचारले, "म्हणजे आता जाऊक गावतला?"

पुढच्याच महिन्यात, दोन मुलांना घेऊन, ती आजोबांबरोबर निघाली. आरोंद्याहून होडीत बसून खाडी पार केली. जकातीच्या नाक्यापाशी आली आणि थांबली. ट्रंक खाली ठेवली, किल्ली कमरेतून काढून हातात घेतली.

नाक्यावर कोणी नव्हते.

"मी थांबलंय," आजी म्हणाली. "हे म्हणतत, चल गो. पण पाय उचलना. कोणी तरी इचारतला, असा वाटा. कोणी इचारूकच नाय."

तो क्षण मला फार मोलाचा वाटतो. स्वातंत्र्याची व्याख्या करणारे ग्रंथ मी वाचले आहेत. पण रिकाम्या नाक्यापुढे हातात किल्ली घेऊन उभी असलेली माझी आजी, आणि तिला कोणीच काही न विचारणे, यापेक्षा चांगली व्याख्या मला सापडलेली नाही. आपल्या राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमात नागरिकांचे हक्क सांगितले आहेत : भाषणाचा, शांतपणे एकत्र जमण्याचा, संस्था काढण्याचा, देशभर मोकळेपणाने फिरण्याचा आणि कोठेही राहण्याचा, आपल्या पसंतीचा व्यवसाय करण्याचा. ही यादी वाचताना मला वाटते, ही आजीच्या लग्नातल्या अडचणींचीच यादी आहे. पत्रिका छापणे हे भाषण. वऱ्हाड जेवायला घालणे हे जमणे. माहेरी जाणे हे फिरणे. मोठमोठी तत्त्वे शेवटी पत्रिकेवर, पंगतीत आणि पायवाटेवर येऊन उतरतात.

१९६२ च्या दिवाळीला दिवाळसण झाला. आठ वर्षांनी! उत्तरेच्या सीमेवर त्याच महिन्यात चीनशी युद्ध पेटले होते, त्यामुळे आनंदाला काळजीची किनार होती. पण नरकचतुर्दशीच्या पहाटे आजोबांनी पेडण्याच्या अंगणात कारीट फोडले, अभ्यंगस्नान झाले, पोह्यांचे नाना प्रकार झाले. मग पणजीबाईंनी जावयापुढे धोतरजोडी ठेवली. ती १९५४ साली घेतलेली होती. घडीच्या रेघांवर पिवळी पडलेली, डांबराच्या गोळ्यांचा वास येणारी. नवी घेता आली असती, पण सासऱ्यांनी स्वतः निवडलेली ती होती. आजोबा तीच नेसले.

कोणी विचारले तरी

"गोव्यात काय कमी होते?" असे म्हणणारी माणसे तेव्हाही होती, आजही भेटतात. नाकेबंदीच्या काळात गोव्यात विलायती माल मुबलक येई. बटाटे हॉलंडहून, सिमेंट जपानहून, दारू पोर्तुगालहून. खाणीचा पैसा खेळत होता. आजीच्या माहेरी काचेचे विलायती कप होते, ते मिठबावला कोणाकडे नव्हते. पण त्या कपातून चहा पिताना काय बोलावे, हे मात्र भिंतीला कान आहेत हे धरून ठरवावे लागे. देशाची कार्यक्षमता, शिस्त, सुबत्ता यांची तुलना करताना आपण कधी कधी सहज म्हणून जातो की, थोडा दंडुका हवाच! दंडुका असलेल्या घरात जन्मलेल्या बाईला विचारून पाहावे.

गंमत पाहा, पेडण्याच्या शेतकऱ्याची पत्रिका तपासणारी राजवट लिस्बनच्या नागरिकालाही बोलू देत नव्हती. पोर्तुगालमधली हुकूमशाही २५ एप्रिल १९७४ ला कोसळली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पोर्तुगालने गोवा भारताचा असल्याचे मान्य केले. म्हणजे आपला झगडा त्या देशाच्या माणसांशी नव्हताच.

स्वतंत्र झाल्यावर गोव्याने काय केले? १६ जानेवारी १९६७ ला तेथे जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे? विलीनीकरणाची खूण होती फूल, वेगळे राहण्याची दोन पाने. आजीच्या भावाने फुलावर शिक्का मारला. मराठीच्या प्राध्यापिकेला काय वाटले असते ते निराळे सांगायला नको. फूल हरले, ३४,०२१ मतांनी. भाऊ दोन दिवस जेवला नाही म्हणतात. आजीने त्याला निरोप धाडला : "तुका काय व्हया, असा इचारल्यानी तरी!" ४५१ वर्षांत ज्यांना कोणी काही विचारले नव्हते, त्यांना स्वतंत्र देशाने पाच-सहा वर्षांत एवढा मोठा प्रश्न विचारला, उत्तर आले, ते हरलेल्यांनीही मानले. १९८७ साली गोवा स्वतंत्र घटकराज्य झाले. हरून मानता येणे, हाही अभिमानाचाच विषय आहे.

याचा अर्थ आपल्या घरी सारे आलबेल असते, असा नाही. जून १९७५ ते मार्च १९७७ या आणीबाणीच्या काळात आपल्याच सरकारने वर्तमानपत्रांचा मजकूर आधी तपासायला सुरुवात केली होती. जांभळा शिक्का या वेळी आपलाच होता. १९७५ च्या कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावर असलेल्या दुर्गाबाई भागवतांनी निर्भयपणे बोलून दाखवले आणि पुढे तुरुंगवास पत्करला. म्हापशाच्या मेजवानीतला शब्द कराडच्या मंडपात पुन्हा उच्चारावा लागला. एकदा मिळालेले स्वातंत्र्य आपोआप टिकत नाही, हा धडा आपण विसरता कामा नये. आणि तीच आणीबाणी मतपेटीतूनच संपली, हेही विसरता कामा नये.

त्या संध्याकाळी माजघरात पत्रिका पुन्हा फडक्यात बांधताना आजीने मला उपदेश केला नाही. तिने फक्त आपले शाई लागलेले बोट त्या शिक्क्याशेजारी ठेवून पाहिले. "ह्यो शिक्को तेंचो," ती म्हणाली, "आणि ह्यो माझो."

मला माझी कारणे आठवली. उन्हाचा कडाका! आरक्षण! एका मताने काय होते! देशाबद्दल मला अभिमान होता, पण तो कपाटातल्या चांदीच्या भांड्यासारखा होता. सणासुदीला काढायचा, पुसायचा, पुन्हा ठेवून द्यायचा. आजीचा अभिमान रोजच्या वापरातला तांब्या होता. ग्रामसभेला ती जाते, पत्र लिहायचे तर कोणाकडून तरी लिहून घेते, पटले नाही तर तोंडावर सांगते. स्वातंत्र्याची किंमत ओळखणे म्हणजे त्याच्याबद्दल सद्गदित होणे नव्हे, ते वापरणे. न वापरलेली पायवाट चार पावसाळ्यांत रान खाऊन टाकते, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

शनिवारी रात्रीच्या गाडीने मी एकटीच निघाले. बसायला जागा मिळाली नाही तेव्हा कणकवलीपासून बरीच वाट उभी होते. सोमवारी सकाळी आमच्या उपनगरातल्या शाळेत रांगेत उभी राहिले. पुढे एक तरुण मुलगा घामाघूम होऊन कुरकुरत होता, मागे दोन गृहस्थ सगळ्याच पक्षांना मोठ्याने नावे ठेवीत होते. दारातला पोलीस ते ऐकत होता आणि जांभई देत होता. इतर वेळी मी या बडबडीला कंटाळले असते. त्या दिवशी मात्र त्या पोलिसाच्या जांभईकडे पाहून मला पणजोबांची आठवण झाली.

दुपारी मिठबावला फोन लावला.

"शाई लागली?" आजीने विचारले.

"लागली."

"बरा झाला. आता सांग, आंबे कोणाच्या हाती धाडू?"